६६ मिनिटं: एका गाजलेल्या पेपरचं वाचन, जामसंड्यातून

उघड्या फ्रॅक्चरवरचं गेल्या दहा वर्षांतलं काहीही वाचायला घ्या, एक आकडा तुमच्यासमोर येतोच: ६६ मिनिटं. नडगीचं हाड मोडून जखमेतून बाहेर आलं असेल आणि दुखापत मोठी असेल, तर इजा झाल्यापासून ६६ मिनिटांच्या आत अँटिबायोटिक गेलं पाहिजे, नाहीतर हाडात इन्फेक्शन होण्याची शक्यता वाढते, असं सांगितलं जातं. सेमिनारमध्ये हा आकडा स्लाइडवर ठळक अक्षरांत असतो. पुढे त्याचा ‘एक तास’ होतो आणि मग तो नियम म्हणून फिरतो.

आकडा ज्या पेपरमधून आला तो २०१५ साली ‘जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक ट्रॉमा’मध्ये आला. लेखक विल्यम लॅक आणि सहकारी. मी अस्थिशल्यविशारद नाही, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून पीएच.डी. करतेय. त्यामुळे ऑपरेशन कसं करावं यावर मी काही बोलणार नाही. पण पेपर कसा वाचावा यावर बोलता येईल, आणि संशोधनाच्या मुलाखतीला बसण्याआधी तुम्हाला नेमकं तेच यायला हवं.

हाच पेपर का निवडला, तर जामसंड्यात बसून तो वाचला की अंगावर येतो. एप्रिल-मे म्हणजे हापूसचा हंगाम. गडी झाडावर, खाली कातळ. वर्षभर दुचाकी आणि वळणावळणाचे रस्ते आहेतच. पाय मोडून हाड बाहेर आलेला माणूस आधी देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात जातो, तिथून ओरोसला जिल्हा रुग्णालयात, आणि जखम मोठी असेल तर फोंडाघाट चढून कोल्हापूर किंवा खाली गोव्यात बांबोळी. बागेतून उचलून गाडी मिळेपर्यंत आणि ओरोस गाठेपर्यंतच ६६ मिनिटं सहज उलटतात. म्हणजे हा आकडा खरा असेल तर इथल्या बहुतेक रुग्णांची वेळ मोठ्या इस्पितळाच्या दारात पोचायच्या आधीच टळलेली असते. आणि खरा नसेल तर आपण विनाकारण हातपाय गाळून बसतोय. दोन्हीत फरक मोठा आहे, म्हणून नीट बघू.

पेपरचा सांगाडा साधा आहे. अमेरिकेतलं वरच्या दर्जाचं ट्रॉमा सेंटर, गुस्तिलो वर्गीकरणातली तिसऱ्या प्रकारची उघडी नडगीची फ्रॅक्चर्स, एकूण १३७ रुग्ण. त्यातल्या २४ जणांना, म्हणजे १७.५ टक्क्यांना, ९० दिवसांच्या आत खोलवर संसर्ग झाला. लेखकांनी वय, धूम्रपान, मधुमेह, इजेची तीव्रता, जखम साफ करण्याच्या ऑपरेशनला लागलेला वेळ, असं सगळं तपासलं. संसर्गाशी संबंध दिसला तो दोनच गोष्टींचा: अँटिबायोटिकला ६६ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणं, आणि जखम झाकायला ५ दिवसांपेक्षा जास्त लागणं. दोन्ही वेळेत झालेल्या ३६ जणांपैकी एकाला संसर्ग झाला, २.८ टक्के. दोन्हींपैकी एकाला उशीर झालेल्या ५९ जणांपैकी ६ जणांना, १०.२ टक्के. दोन्हींना उशीर झालेल्या ४२ जणांपैकी १७ जणांना, ४०.५ टक्के.

पहिल्यांदा वाचताना हे आकडे बघून कोणीही थबकेल. २.८ आणि ४०.५! आता पेन घ्या.

३६ पैकी १. या गटात आणखी एकाच माणसाला पू झाला असता तर टक्केवारी २.८ वरून ५.६ झाली असती. एकावर एक वाढला की दुप्पट. या १/३६ चा ९५ टक्के विश्वासांतर काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे: वरची मर्यादा साडेचौदा टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ‘दोन्ही वेळेत झालं तर जवळजवळ संसर्ग होतच नाही’ हे वाक्य या पेपरवरून म्हणता येत नाही. स्लाइडवर मात्र तसंच म्हटलं जातं.

पुढे मुख्य निकाल. इतर घटक धरून केलेल्या विश्लेषणात उशिरा अँटिबायोटिकचा ऑड्स रेशो ३.७८ आहे आणि त्याचं विश्वासांतर १.१६ ते १२.३१. बोलताना लोक ‘जवळजवळ चौपट धोका’ म्हणतात. इथे दोन चुका एकदम होतात. एक तर ऑड्स म्हणजे धोका नव्हे. वरच्या शेवटच्या गटात धोका ४०.५ टक्के आहे, पण ऑड्स १७ ला २५, म्हणजे ०.६८. घटना विरळ असेल तेव्हा दोन्ही जवळपास सारखे येतात, सहापैकी एकाला होणाऱ्या गोष्टीत येत नाहीत. दुसरं म्हणजे १.१६ ते १२.३१ ही एवढी रुंद फट स्वतःच सांगतेय की परिणाम नावापुरता असू शकतो किंवा भयंकर असू शकतो, आम्हाला नक्की ठाऊक नाही. २४ घटनांमधून याहून जास्त काही निघणार नव्हतंच. जुना ढोबळ नियम असा की मॉडेलमधल्या एका घटकामागे किमान दहा घटना हव्यात. २४ घटनांत दोन घटक बसतात, तिसरा घुसवला की मॉडेल डुगडुगायला लागतं. तेव्हा ‘स्वतंत्रपणे संसर्गाचं भाकीत करतो’ असं वाचलं की लगेच विचारा, कशापासून स्वतंत्र? मॉडेलमध्ये जे घातलं तेवढ्यापासूनच. जखमेत किती माती गेली, किती मांस मेलं होतं, रक्त किती गेलं, यापासून स्वतंत्र आहे की नाही हे त्याने कळत नाही.

आता खुद्द ६६. जरा विचार करा, एखादा संशोधक अभ्यास सुरू करताना ‘आपण ६६ मिनिटांची रेषा मारू’ असं ठरवेल का? ६० ठरवेल, ९० ठरवेल, १२० ठरवेल. ६६ सारखा आकडा माहिती हातात आल्यावर, तिच्यातूनच वर येतो. सगळ्या संभाव्य रेषा मारून बघायच्या आणि जिथे दोन गटांत फरक सर्वांत ठसठशीत दिसतो ती उचलायची, ही पद्धत तुम्हाला कर्करोगाच्या पेपरांतही भरपूर सापडेल. संख्याशास्त्रज्ञ डग्लस आल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवलं होतं की अशी ‘सर्वोत्तम’ रेषा शोधून काढली की खोटा निकाल खरा वाटण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. शिवाय जंतूंना ६५ व्या आणि ६७ व्या मिनिटातला फरक कळत नाही. वेळ हे सलग मोजमाप आहे. त्याचे दोन तुकडे केले की उरलेली सगळी माहिती आपण हाताने फेकून देतो. ५ मिनिटांत इंजेक्शन मिळालेला आणि ६५ मिनिटांत मिळालेला एकाच डब्यात जातात, ७० मिनिटांवाला आणि सहा तासांवाला दुसऱ्या डब्यात.

आणि ही मिनिटं मोजली कशी जातात? इंजेक्शनची वेळ नर्स लिहिते, ती बऱ्यापैकी खरी. इजेची वेळ कोण लिहितं? आमच्याकडे विचारलंत तर उत्तर येतं, “गडी जेवूक बसले हुते, तेवाच पडलो तो.” यातून मिनिटं काढा बघू. अमेरिकेत ॲम्ब्युलन्सला फोन आल्याची वेळ नोंदलेली असते म्हणून तिथे बरं असेल, पण फोन म्हणजे इजा नव्हे. मोजमापात अर्ध्या तासाची ढील आणि निष्कर्षात मिनिटाची अचूकता, असं दिसलं की सावध व्हायचं.

तीच गोष्ट ‘तिसरा प्रकार’ या शब्दाची. गुस्तिलो आणि अँडरसन यांनी १९७६ मध्ये १०२५ उघड्या फ्रॅक्चरांच्या अनुभवावरून हे वर्गीकरण मांडलं, १९८४ मध्ये तिसऱ्या प्रकाराचे तीन पोटभाग झाले. वापरायला सोपं म्हणून जगभर रुळलं. पण १९९४ मध्ये ब्रमबॅक आणि जोन्स यांनी २४५ सर्जनना त्याच त्या केसेस दाखवून वर्गीकरण करायला लावलं, तेव्हा एकमत सरासरी ६० टक्केच निघालं. अभ्यासात कोणाला घ्यायचं हेच जर दहातले चार वेळा वादाचं असेल, तर दोन इस्पितळांचे आकडे शेजारी ठेवताना जपून.

जखम झाकण्याचा मुद्दा यापेक्षाही गुंतागुंतीचा आहे. त्याचा ऑड्स रेशो ७.३९, म्हणजे अँटिबायोटिकपेक्षा मोठा, तरी त्याचा आकडा कुणाच्या तोंडी नसतो. ५ दिवसांत फ्लॅप करायचा तर प्लास्टिक सर्जन लागतो आणि इथल्या रुग्णाला त्यासाठी बहुधा जिल्हा सोडावा लागतो. इंजेक्शन द्यायला एक माणूस पुरतो. सोपी गोष्ट नियम होते, अवघड गोष्ट तळटीप होते. पण इथे कारण आणि परिणाम उलटेसुद्धा असू शकतात: जखम वाईट दिसतेय, पाणी येतंय, म्हणून सर्जन झाकायचं पुढे ढकलतो. मग उशिरामुळे संसर्ग झाला की संसर्गाच्या खुणा होत्या म्हणून उशीर झाला? जुन्या केसपेपरांवरून हे सुटं करणं फार कठीण. लेखकांनीही ‘जखमेच्या स्थितीनुसार’ अशी पुस्ती जोडली आहे, ती त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी.

इतकं झोडपल्यावर तुम्हाला वाटेल की मग पेपर टाकाऊ आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. लवकर अँटिबायोटिक द्यावं या म्हणण्यामागे या पेपरखेरीज बरंच काही उभं आहे. १९६१ मध्ये जॉन बर्क यांनी गिनी पिगच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस टोचून वेगवेगळ्या वेळी पेनिसिलिन दिलं, आणि तीन तास उलटल्यावर दिलेलं औषध न दिल्यासारखंच ठरलं. १९७४ मध्ये पात्झाकिस आणि सहकाऱ्यांनी उघड्या फ्रॅक्चरच्या रुग्णांत यादृच्छिक गट पाडले. अँटिबायोटिक न मिळालेल्यांत सुमारे १४ टक्के संसर्ग, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनवाल्यांत सुमारे १०, सेफालोथिनवाल्यांत सुमारे २. द्यावं की न द्यावं हा प्रश्न तिथेच मिटला. १९८९ मध्ये पात्झाकिस आणि विल्किन्स यांनी ११०४ फ्रॅक्चरांचा आढावा घेतला तेव्हा तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत ४.७ टक्के आणि नंतर मिळालेल्यांत ७.४ टक्के संसर्ग दिसला. दिशा तीच, रेषा मात्र तीन तासांवर. म्हणून माझं मत असं: ‘जितकं लवकर तितकं बरं’ हे वाक्य घट्ट आहे, ‘६६’ हे त्याला चिकटलेलं लेबल आहे.

लेबलाचा धोका काय असतो हे याच विषयातल्या आधीच्या नियमावरून दिसतं. उघडं फ्रॅक्चर सहा तासांच्या आत ऑपरेशन थिएटरात साफ झालंच पाहिजे, असं सर्जनांच्या पिढ्या शिकल्या. याचं मूळ शोधत गेलात तर १८९८ मध्ये पोचता. जर्मन सर्जन पाउल फ्रीड्रिश यांनी गिनी पिगच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ घातली आणि किती वेळाने जखम कापून साफ केली तर प्राणी वाचतो ते पाहिलं. तेव्हा अँटिबायोटिक जन्मालाही आलं नव्हतं. २०१२ मध्ये शेंकर आणि सहकाऱ्यांनी १६ अभ्यासांतली ३५३९ उघडी फ्रॅक्चर्स एकत्र करून पाहिली, तर सहा तासांनंतर साफ केल्याने संसर्ग वाढतो असं दिसलं नाही. शंभराहून जास्त वर्षं रात्री-अपरात्री, थकलेल्या टीमने, नवख्या हातांनी ऑपरेशनं झाली असतील ती एका जिन्यावरच्या धुळीपायी. (लॅक यांच्या पेपरातही साफ करायला लागलेल्या वेळेचा संसर्गाशी संबंध दिसला नाही, हे वर आलंच आहे.)

आता याच्या शेजारी दुसऱ्या जातीचा पेपर ठेवा. ‘फ्लो’ नावाची चाचणी, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’, २०१५. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, नॉर्वे, अमेरिका आणि भारत मिळून ४१ केंद्रं, विश्लेषणात २४४७ रुग्ण. प्रश्न अगदी जमिनीवरचा: उघडं फ्रॅक्चर धुवायचं कशाने आणि किती जोरात? साबणाचं पाणी की नुसतं सलाइन, आणि जास्त दाब, कमी दाब की फार कमी दाब. प्रयोगशाळेत साबणाने हाडावरचे जंतू चांगले निघतात असं दिसलं होतं, त्यामुळे अनेकांची पैज साबणावर होती. निकाल उलटा आला. बारा महिन्यांत पुन्हा ऑपरेशन लागलेले रुग्ण साबणाच्या गटात १४.८ टक्के, सलाइनच्या गटात ११.६ टक्के. हॅझर्ड रेशो १.३२, विश्वासांतर १.०६ ते १.६६. तिन्ही दाबांत काहीच फरक नाही: १३.२, १२.७, १३.७.

हे विश्वासांतर मघाच्या १.१६ ते १२.३१ शेजारी ठेवा. परिणाम छोटा आहे, पण फट अरुंद आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यामुळे माती, मांस, रक्त हे सगळं दोन्हीकडे सारखं वाटलं गेलं असं धरता येतं. आणि निकालाचा अर्थ बघा: फार कमी दाब म्हणजे सलाइनची बाटली उंच टांगून नळीने सोडलेलं पाणी. महागडं यंत्र नको. तालुक्याच्या इस्पितळाला याहून चांगली बातमी कोणती? गंमत म्हणजे ६६ मिनिटांइतकी ही बातमी कोणी स्लाइडवर घालत नाही.

मोठी चाचणी म्हणजे डोळे मिटून मान डोलवायची, असंही नाही. ‘प्रिपेअर’ चाचणी, २०२४, तेच जर्नल. ऑपरेशनआधी कातडीला अल्कोहोलमधलं आयोडीन लावावं की अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन? बंद फ्रॅक्चरमध्ये संसर्ग २.४ विरुद्ध ३.३ टक्के, पी-मूल्य ०.०४९. उघड्या फ्रॅक्चरमध्ये ६.५ विरुद्ध ७.३, पी-मूल्य ०.४५. दोन-तीन रुग्ण इकडचे तिकडे झाले असते तर ०.०४९ चं ०.०५१ झालं असतं आणि मथळा बदलला असता. मी तरी याला ‘आयोडीन जिंकलं’ म्हणणार नाही, ‘आयोडीन बहुधा थोडं बरं, निदान वाईट नाही’ म्हणेन.

एक गफलत मात्र इथेच दूर करून घ्या, कारण तोंडी परीक्षेत यावर हमखास अडकवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात प्रतिबंधक अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या १२० मिनिटांत द्यावं असं आहे. ते ठरवून केलेल्या ऑपरेशनचं घड्याळ, चिरेपासून मागे मोजायचं. ६६ मिनिटांचं घड्याळ इजेपासून पुढे मोजायचं. पहिल्यात कातडी अजून शाबूत आहे, दुसऱ्यात जंतू आत जाऊन बसले आहेत. त्याच मार्गदर्शनात ऑपरेशन संपल्यावर नुसतं प्रतिबंधासाठी औषध चालू ठेवू नये असंही ठामपणे म्हटलंय. आपल्याकडे टाके काढेपर्यंत गोळ्या चालू ठेवणं किती सवयीचं आहे ते कोणाच्याही घरातली डिस्चार्जची फाइल उघडून बघा.

मग जामसंड्यातल्या माणसाचं काय? लॅक यांच्या पेपरचं शेवटचं सुचवणं असं आहे की इस्पितळात पोचण्याआधीच अँटिबायोटिक देता आलं तर बराच फायदा होऊ शकेल. त्यांच्या माहितीवरून हे सिद्ध होत नाही, पण प्रश्न म्हणून तो उत्तम आहे, आणि महाराष्ट्रात तो विचारायला सोयीची जागा आहे. १०८ ची सेवा आपल्याकडे २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी, आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. परदेशात ज्या गोष्टीसाठी पॅरामेडिकला इंजेक्शन देऊ द्यावं का यावर वाद घालावा लागतो, तो अडसर इथे निदान कागदावर तरी नाही. खेड्यातून प्रश्न उचलून उत्तर शोधणारे सर्जन महाराष्ट्रात झालेत. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरून पाहिलं, तेही अनेक केंद्रांतून आकडे गोळा करून.

समजा असा अभ्यास तुम्ही आखायला घेतला. रुग्णागणिक चिठ्ठी टाकणं कठीण जाईल, कारण अर्ध्या लोकांना मुद्दाम उशिरा औषध देणं कोणतीच नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. गाड्यांचे किंवा तालुक्यांचे गट करून एकेक गट टप्प्याटप्प्याने नव्या पद्धतीत आणता येईल. संसर्गाचं प्रमाण १७ टक्क्यांवरून १२ वर आलं हे पकडायचं तरी दोन्हीकडे मिळून दीड हजाराच्या आसपास रुग्ण लागतील, गटांमुळे त्याहून जास्त. एकट्या सिंधुदुर्गात ते जमायचं नाही, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर बरोबर घ्यावे लागतील. वेळ सलग मोजायची, रेषा मारायचीच असेल तर आधी नोंदवून ठेवायची. इजेच्या वेळेसोबत ‘ही वेळ कोणी सांगितली’ असा रकाना ठेवायचा. पेनिसिलिनची ॲलर्जी विचारली का, याचाही. माती किती होती, याचा फोटो.

आणि सगळ्यात अवघड रकाना पाठपुराव्याचा. लॅक यांनी ९० दिवस पाहिले, फ्लोने बारा महिने. इथल्या बागांत राखणीला आणि काढणीला येणारे कित्येक गडी नेपाळी आहेत, आणि हंगाम संपून पाऊस लागला की ते गावी जातात. मे महिन्यात पाय मोडलेला माणूस ऑगस्टमध्ये कुठे असेल? ज्यांचा पाय बरा झाला ते येणार नाहीत, ज्यांचा सडला त्यांना आपल्याकडे परत यायला पैसे नसतील. दोन्ही रिकामे रकाने तक्त्यात सारखेच दिसतील. म्हणून फॉर्मवर मुकादमाचा नंबर नको, गावाकडच्या घरचा नंबर हवा, आणि तो पहिल्याच दिवशी, गाडीतच लिहून घ्यायला हवा.